डायनाको स्टिरिओ ७० : पेटीतले बदली व्हॉल्व्ह ओळखावेत कसे आणि तपासावेत कसे?

मध्यमसूर (पुणे)

डायनाको कंपनीचा ‘स्टिरिओ ७०’ हा व्हॉल्व्हचा (निर्वात नळ्यांचा) ॲम्प्लिफायर काकांकडून माझ्याकडे आला आहे. अमेरिकेत शिकत असताना त्यांनी त्याचे किट आणून तो स्वतः जोडला होता आणि परत येताना सुट्या व्हॉल्व्हची एक पेटीही सोबत आणली होती. ॲम्प्लिफायर बरीच वर्षे बंद आहे. त्यात स्पीकरला शक्ती देणारे चार ईएल३४, त्यांना सिग्नल पुरवणारे दोन ७१९९ आणि एसीचा डीसी करणारा एक जीझेड३४ असे सात व्हॉल्व्ह लागतात. डाव्या बाजूचे दोन ईएल३४, एक ७१९९ आणि जीझेड३४ जागेवर आहेत. उजव्या बाजूच्या एका ईएल३४च्या काचेतला चंदेरी डाग पूर्ण पांढरा झाला आहे (म्हणजे आत हवा शिरली असावी), दुसऱ्याचे सॉकेट रिकामे आहे आणि त्या बाजूचा ७१९९ही नाही.

पेटीत ‘मलार्ड’ असे ठळक सोनेरी अक्षरांत छापलेले दोन ईएल३४, जाड बाटलीचे दोन ६सीए७, ‘आरसीए’ नावाचा एक ७१९९, दोन ६जीएच८ए, एक पीसीएल८२ आणि बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) एक ईसीसी८३ आहे. यांतले काय कशाच्या जागी चालेल, ते खरोखर त्याच कंपनीचे आहे हे कसे ओळखायचे आणि ॲम्प्लिफायरला धोका न होता तपासायचे कसे, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मल्टीमीटर वापरण्याची मला सवय आहे, मात्र व्हॉल्व्हच्या उपकरणावर मी कधी काम केलेले नाही.

अनुनाद (ठाणे)

ओळख आणि तपासणी या दोन्हींकडे वळण्याआधी एक कळकळीची विनंती आहे की, हे यंत्र अजून विजेला जोडू नका. त्यात चालू स्थितीत ४०० व्होल्टच्या वर डीसी दाब असतो आणि बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये बराच वेळ टिकू शकतो. तळाचे झाकण काढल्यावर प्रत्येक वेळी आधी मीटरने तो दाब मोजावा, १० किलोओहम व ५ वॉटच्या रेझिस्टरने तो उतरवावा, पुन्हा मोजून शून्य झाल्याची खात्री करावी आणि मगच आत हात घालावा.

हा ॲम्प्लिफायर १९५९ मध्ये बाजारात आला. किटची किंमत सुमारे १०० डॉलर होती. व्हॉल्व्हच्या तपासणीशी या किटचा थेट संबंध आहे. ७१९९चा छापील बोर्ड कंपनी जोडून देत असे, पण बाकीची सगळी तारजोडणी ग्राहक घरी करत असे. त्यामुळे तुमच्या यंत्रात काय कशाला जोडलेले आहे, हे आराखड्यावरून ठरवता येणार नाही. ते प्रत्यक्ष पाहावे लागेल. काकांचे काम कितीही नीटनेटके असले, तरी नंतर कोणी दुरुस्ती केली असण्याची शक्यता उरतेच.

बायसचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा (प्रवाह आवरणाऱ्या जाळीवरचा) ऋण दाब तयार करण्यासाठी या यंत्रात मुळात सेलेनियमचा रेक्टिफायर असे. तो म्हातारा झाला की ऋण दाब घटतो, ईएल३४ मधून बेसुमार प्रवाह वाहू लागतो आणि प्लेटा (इलेक्ट्रॉन गोळा करणारे पत्रे) लाल होतात. म्हणजे चांगले व्हॉल्व्ह वाईट यंत्रात घातले, तर तपासणी होण्याऐवजी त्यांचा नाश होईल. सेलेनियमच्या जागी १एन४००७ हा डायोड बसवा, बायसचे दोन्ही छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला आणि मोठा चार भागांचा कपॅसिटरही जुना असल्यास त्याच्यावर विसंबू नका.

तुम्ही पुण्यात आहात, म्हणून आणखी एक मुद्दा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते, आपल्याकडे ५० हर्ट्झची. ११७ व्होल्ट व ६० हर्ट्झसाठी केलेल्या ट्रान्सफॉर्मरला तितकाच दाब ५० हर्ट्झवर दिला, तर गाभ्यातला चुंबकीय प्रवाह २० टक्क्यांनी वाढतो आणि तो जास्त तापतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरमधून १२० ऐवजी ११० व्होल्ट मिळतील असे पाहा. हीटरचा दाब त्यामुळे ६.३ वरून ५.९ व्होल्टच्या आसपास उतरतो, पण ती घट १० टक्क्यांच्या आत असल्यामुळे व्हॉल्व्हना चालते.

सातासमुद्रापार (न्यू जर्सी)

मी ओळखीपुरते लिहितो. काचेवर छापलेले कंपनीचे नाव हा सर्वांत कच्चा पुरावा असतो. व्हॉल्व्हच्या सुवर्णकाळातसुद्धा कंपन्या एकमेकींचा माल घेऊन त्यावर आपले नाव छापत असत. अमेरिकेतली ॲम्पेरेक्स ही फिलिप्सच्या घरातलीच कंपनी होती. तिच्या खोक्यात हॉलंडचा किंवा इंग्लंडचा व्हॉल्व्ह निघणे ही नेहमीची गोष्ट होती. आजच्या बाजारात तर रिकाम्या काचेवर हवे ते नाव छापणारेही आहेत. म्हणून आधी तळाजवळच्या काचेवरचे राखाडी, बारीक सांकेतिक अक्षर-अंक शोधा. ते शाईचे नसतात, काचेत मुरलेले असतात आणि बोटाने पुसून जात नाहीत. त्याउलट वरचे नाव फार नाजूक असते, म्हणून काच ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्या ब्रशने धूळ काढा आणि तिरक्या उजेडात भिंगाखाली पाहा.

फिलिप्स गटाच्या व्हॉल्व्हवर दोन ओळी असतात. वरच्या ओळीत प्रकाराची खूण व आवृत्ती असते; मलार्डच्या ईएल३४ साठी ती एक्सएफ१, एक्सएफ२, एक्सएफ३ अशी वाढत जाते. खालच्या ओळीत पहिले अक्षर कारखान्याचे, त्यानंतरचा अंक वर्षाचा शेवटचा आकडा, पुढचे अक्षर महिन्याचे आणि शेवटचा अंक आठवड्याचा असतो. ‘बी’ म्हणजे इंग्लंडमधला ब्लॅकबर्न येथील मलार्डचा कारखाना. वर्षाचा एकच आकडा दिलेला असल्यामुळे दशक मात्र आवृत्तीवरून आणि आतल्या बांधणीवरून ठरवावे लागते.

अमेरिकी व्हॉल्व्हवर बऱ्याचदा तीन अंकी उत्पादक क्रमांक असतो : २७४ म्हणजे आरसीए, ३१२ म्हणजे सिल्व्हेनिया, १८८ म्हणजे जनरल इलेक्ट्रिक, ३२२ म्हणजे टुंग-सोल, २८० म्हणजे रेथिऑन. पुढे चार अंक असतील तर पहिले दोन वर्षाचे आणि नंतरचे दोन आठवड्याचे असतात. ब्रिटिश सैन्याच्या मालावर ‘सीव्ही’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो, सीव्ही१७४१ म्हणजे ईएल३४, सीव्ही१३७७ म्हणजे जीझेड३४ आणि सीव्ही४००४ म्हणजे ईसीसी८३. हे क्रमांक ठाऊक असले की लोकांनी अनोळखी म्हणून बाजूला टाकलेला उत्तम माल हाती लागू शकतो.

कृपया प्रत्येक व्हॉल्व्हवरचे सगळे संकेत इथे लिहा.

मध्यमसूर

अनुनादजी, सेलेनियमचा रेक्टिफायर तिथेच होता. तो आणि सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलायला घेतले आहेत.

संकेत असे आहेत. डाव्या बाजूच्या दोन्ही ईएल३४ वर ‘डायनाको’ असे पुसट नाव आहे, तळ तपकिरी आहे आणि काचेवर वर ‘एक्सएफ२’ व खाली ‘बी५एच३’ अशी अक्षरे आहेत. दुसऱ्यावर शेवटचा अंक ४ आहे. जीझेड३४ वर ‘एफ३२’ आणि ‘बी७सी१’ आहे. जाड बाटलीच्या ६सीए७ वर ‘३१२’ आणि ‘७२३५’ दिसतात. आरसीएच्या ७१९९ वर क्रमांक अष्टकोनी चौकटीत आहे. सोनेरी ‘मलार्ड’च्या दोन्ही व्हॉल्व्हवर भिंगातून कितीही पाहिले, तरी कुठलाही संकेत सापडला नाही. त्यांवर ‘मेड इन इंग्लंड’ असे मात्र छापलेले आहे.

सातासमुद्रापार

काकांनी ठेवलेला माल फार चांगला आहे. ‘डायनाको’ नावाचे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॅकबर्नचे मलार्डच आहेत. ‘एच’ म्हणजे ऑगस्ट आणि ‘५’ म्हणजे १९५५, १९६५ किंवा १९७५. एक्सएफ२ ही आवृत्ती १९६०च्या दशकातली असल्यामुळे ते ऑगस्ट १९६५ मधल्या लागोपाठच्या आठवड्यांत तयार झाले असे म्हणता येते. एका जोडीत यापेक्षा जास्त जवळचे भावंड मिळणे कठीण. जीझेड३४ हा मार्च १९६७ चा, त्याच कारखान्याचा. ६सीए७ हे १९७२ च्या पस्तिसाव्या आठवड्यातले सिल्व्हेनियाचे आहेत. यांची रचना वेगळी असते : ईएल३४ हा खरा पेंटोड (तीन ग्रिडांचा व्हॉल्व्ह) आहे, तर सिल्व्हेनियाच्या ६सीए७ मध्ये तिसऱ्या ग्रिडऐवजी किरणांना आकार देणाऱ्या पट्ट्या असतात. दोन्ही एकाच सॉकेटमध्ये चालतात, पण एकाच चॅनेलमध्ये एक ईएल३४ आणि एक ६सीए७ अशी जोडी लावू नये.

सोनेरी नावाचे दोन व्हॉल्व्ह ब्लॅकबर्नचे नाहीत, असे मी ठामपणे म्हणेन. यात एक फरक लक्षात घ्यायला हवा. ‘मलार्ड’ हे व्यापारनाम आज एका अमेरिकी कंपनीकडे आहे आणि त्या नावाने रशियातल्या साराटोव्ह येथे तयार झालेले नवे व्हॉल्व्ह उघडपणे विकले जातात. त्यात फसवणूक नाही. तुमच्याकडच्या व्हॉल्व्हवर मात्र ‘मेड इन इंग्लंड’ छापलेले आहे आणि कारखान्याचा संकेत नाही, म्हणजे अलीकडच्या व्हॉल्व्हवर जुने नाव चढवले आहे. घरातल्या कोणीतरी ते नंतर विकत घेऊन पेटीत ठेवले असावेत. ते बनावट नावाचे आहेत म्हणून निकामी असतीलच असे नाही. त्यांना अनोळखी नवे ईएल३४ समजून तपासा.

लंबक (मुंबई)

एवढा खटाटोप कशासाठी, असा माझा प्रश्न आहे. लॅमिंग्टन रोडच्या परिसरात अजूनही व्हॉल्व्ह टेस्टर बाळगणारे जुने कारागीर भेटतात, पुण्यातही तपकीर गल्लीत चौकशी करता येईल. सगळी पेटी घेऊन जावे, काटा हिरव्या पट्ट्यात गेला की ठेवावे, लाल पट्ट्यात राहिला की टाकावे. आणि १९६५ चे मलार्ड हाताशी असताना नव्या व्हॉल्व्हचा विचारही मी करणार नाही. त्या काळच्या कॅथोडच्या (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाच्या) लेपाची आणि निर्वाताची प्रत आज मिळत नाही, हे माझ्या कानांनी अनेकदा पारखलेले आहे.

इंद्रायणी (कोल्हापूर)

लंबक, कानांचा मुद्दा मी तुमच्याकडेच ठेवते, कारण तुमच्या अनुभवावर बोलण्याचा मला अधिकार नाही. टेस्टरबद्दल मात्र लिहायला हवे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत व्हॉल्व्हच्या वैशिष्ट्यरेषा काढण्याचे काम मी बराच काळ केले आहे.

हिरव्या-लाल पट्ट्यांचे बहुतेक साधे टेस्टर केवळ उत्सर्जन मोजतात. ते सगळे ग्रिड प्लेटला जोडून व्हॉल्व्हचा डायोड करतात आणि कॅथोडमधून किती इलेक्ट्रॉन निघतात एवढेच पाहतात. ग्रिडचे नियंत्रण किती आहे, म्हणजे ज्यासाठी तो व्हॉल्व्ह घडवला गेला ती गोष्ट, त्यात मुळीच मोजली जात नाही. जिचे ग्रिड वाकले आहे किंवा जिच्यात वायू शिरला आहे, अशी नळीसुद्धा त्यात ‘उत्तम’ ठरू शकते. संपलेला कॅथोड आणि आतले शॉर्ट शोधायला तो टेस्टर उपयोगी आहे; तेवढ्यासाठी तो जरूर वापरावा.

त्याच्या वरच्या पायरीचे टेस्टर म्युच्युअल कंडक्टन्स मोजतात, म्हणजे ग्रिडचा दाब एका व्होल्टने बदलला तर प्लेटचा प्रवाह किती मिलिअँपिअरने बदलतो ते. अमेरिकेतले हिकॉक आणि ब्रिटनमधले एव्हीओ हे या प्रकारातले नावाजलेले टेस्टर आहेत. तरीही बरेच टेस्टर पॉवर व्हॉल्व्हला प्रत्यक्ष वापरापेक्षा पुष्कळ कमी दाबावर तपासतात. तुमच्या यंत्रात ईएल३४ च्या प्लेटवर ४०० व्होल्टहून अधिक दाब येणार आहे. कमी दाबावर शांत बसलेला व्हॉल्व्ह तिथे गळू लागला, तर टेस्टरचा आकडा त्याबद्दल काहीच सांगणार नाही.

प्रयोगशाळेतला नियंत्रित वीजपुरवठा मिळत असेल, तर ईएल३४ साठी उत्पादकाने दिलेला एक सोयीचा बिंदू आहे : प्लेट व स्क्रीन (दुसरा ग्रिड) दोन्ही २५० व्होल्टवर ठेवून ग्रिडला सुमारे ऋण १२ व्होल्ट दिले, की प्लेटचा प्रवाह १०० मिलिअँपिअर यावा आणि म्युच्युअल कंडक्टन्स व्होल्टमागे ११ मिलिअँपिअरच्या आसपास निघावा. २५० व्होल्ट गुणिले १०० मिलिअँपिअर म्हणजे २५ वॉट, हीच त्या प्लेटची कमाल मर्यादा आहे, म्हणून मोजणी झटपट करून दाब उतरवावा. ईसीसी८३ साठी २५० व्होल्टला म्युच्युअल कंडक्टन्सचा आकडा १.६ असतो.

अनुनाद

इंद्रायणीताईंशी मी पूर्ण सहमत आहे. टेस्टर ही गाळणी आहे. अंतिम परीक्षा यंत्रातच होते. ती परीक्षा घेण्याआधी उजवीकडच्या रिकाम्या ७१९९च्या सॉकेटबद्दल सावध करतो, कारण या पेटीतला सर्वांत मोठा धोका तिथे आहे.

६जीएच८ए हासुद्धा ७१९९सारखाच ट्रायोड-पेंटोड (एकाच काचेत एका ग्रिडचा ट्रायोड आणि एक पेंटोड) आहे, पिनाही नऊच आहेत, तो टीव्हीसाठी अमाप तयार झाला आणि आजही सहज मिळतो. त्यामुळे ‘७१९९ऐवजी ६जीएच८ए’ हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. पण दोघांच्या २, ६ आणि ७ क्रमांकांच्या पिना वेगळ्या आहेत. ७१९९ मध्ये २ वर पेंटोडची प्लेट, ६ वर कॅथोड आणि ७ वर ग्रिड असते. ६जीएच८ए मध्ये २ वर ग्रिड, ६ वर प्लेट आणि ७ वर कॅथोड असतो. ७१९९साठीच्या सॉकेटमध्ये ६जीएच८ए तसाच घातला, तर त्याच्या ग्रिडवर प्लेटचा उच्च दाब येईल. त्यासाठी मधे ॲडाप्टर लागतो किंवा बोर्डात बदल करावे लागतात. काकांच्या पेटीत ६जीएच८ए आहेत, म्हणून कोणी आधीच तसे बदल केले आहेत का, हे तपासायलाच हवे.

ते असे तपासा. सगळे व्हॉल्व्ह काढा, कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करा आणि मीटर ओहमवर ठेवून ७१९९च्या सॉकेटच्या या तीन पिनांपासून चॅसीपर्यंतचा रोध मोजा. जिथे काहीशे ओहम दिसतील ती कॅथोडची पिन. जिथे काही लाख ओहम दिसतील आणि जी इनपुटच्या जॅकशी जोडलेली असेल, ती ग्रिडची. उरलेली प्लेटची, आणि तिच्यापासून एचटीच्या (उच्च दाबाच्या) रेषेपर्यंत लाखांतला रोध मिळेल. दोन्ही बाजूंना मोजा.

पीसीएल८२ बाजूला ठेवा. युरोपीय नावात पहिले अक्षर हीटरचे असते : ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘जी’ म्हणजे ५ व्होल्ट, ‘पी’ म्हणजे ३०० मिलिअँपिअरच्या मालिकेत जोडायचा, बहुधा टीव्हीतला. पुढची अक्षरे आतली रचना सांगतात आणि पहिला अंक तळ सांगतो; ३ म्हणजे आठ पिनांचा ऑक्टल, ८ म्हणजे नऊ पिनांचा छोटा तळ. ईसीसी८३लाही या यंत्रात जागा नाही.

मध्यमसूर

मोजले. दोन्ही बाजूंना ६ क्रमांकावर सुमारे पावणेसातशे ओहम, ७ क्रमांक इनपुटला जोडलेला आणि २ क्रमांक एचटीकडे जाणारा आहे. म्हणजे बोर्ड मूळ ७१९९साठीचाच आहे. ६जीएच८ए मी ‘ॲडाप्टरशिवाय वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून वेगळ्या खोक्यात ठेवले. कपॅसिटर आणि बायसचा डायोड बसवून झाले आहेत. आता पुढचा क्रम सांगावा.

अनुनाद

पहिल्या टप्प्यात जीझेड३४ आणि चारही ईएल३४ काढलेले असू द्या. आपल्याकडच्या वायरमनकडे असतो तसा सिरीज बोर्ड घ्या, त्यात १०० वॉटचा तारेचा बल्ब लावा आणि त्यातून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरला वीज द्या. बायसचा दाब जीझेड३४ शिवायही तयार होतो, म्हणून आता ईएल३४च्या प्रत्येक सॉकेटच्या ५ क्रमांकाच्या पिनेवर ऋण दाब आहे का ते पाहा. तो ३० ते ४० व्होल्टच्या दरम्यान मिळावा, बायसचा पॉट (कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) फिरवल्यावर सावकाश बदलावा आणि कुठेही तुटू नये. चारही ठिकाणी हे सिद्ध झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग दोन्ही पॉट सर्वांत जास्त ऋण बाजूला ठेवा.

दुसऱ्या टप्प्यात स्पीकरच्या जागी ८ ओहमचे जाड रेझिस्टर जोडा. भाराशिवाय असा ॲम्प्लिफायर चालवणे आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या जिवावर बेतू शकते. आता व्हॉल्व्ह घाला आणि खोलीत थोडा अंधार करून लक्ष ठेवा. एखादी प्लेट लालसर दिसू लागली, तर क्षणात बंद करा. काचेच्या आतल्या बाजूवर निळसर चमक दिसली, तर घाबरू नका. ती निरुपद्रवी असते. मात्र प्लेट आणि कॅथोडच्या मधल्या जागेत जांभळट-गुलाबी धुके दिसले, तर आत वायू आहे आणि तो व्हॉल्व्ह बाद.

तिसऱ्या टप्प्यात बायस. डायनाकोने प्रत्येक चॅनेलच्या दोन्ही कॅथोडांखाली मिळून १५.६ ओहमचा एकच रेझिस्टर ठेवला आहे आणि त्यावर १.५६ व्होल्ट आणायला सांगितले आहे. हा दाब समोरच्या ऑक्टल सॉकेटवर मोजता येतो. त्याच सॉकेटवर प्रीॲम्प्लिफायरसाठीचा उच्च दाबही असतो, म्हणून प्रोब घसरू देऊ नका. १.५६ व्होल्ट म्हणजे दोघांत मिळून १०० मिलिअँपिअर. या सोयीच्या पद्धतीत एक त्रुटी आहे. १०० म्हणजे ५० अधिक ५० की ६५ अधिक ३५, हे तुम्हाला कळतच नाही. ४२० व्होल्टला ६५ मिलिअँपिअर म्हणजे २७ वॉटहून जास्त. मीटर ‘बरोबर’ दाखवत असताना एक व्हॉल्व्ह मर्यादेच्या बाहेर जळत राहतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात एकतर्फी चुंबकत्व येते आणि खालच्या सप्तकातले वजन हरवते. तबल्याच्या डग्ग्याची घुमक ऐकू येईनाशी होण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

म्हणून प्रत्येक कॅथोडला १० ओहमचा, १ टक्का अचूकतेचा स्वतंत्र रेझिस्टर लावा, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हचा प्रवाह वेगळा वाचता येईल. मी स्वतः ५० ऐवजी ४० मिलिअँपिअरवर ठेवतो. आवाजात मला फरक जाणवत नाही आणि व्हॉल्व्ह अधिक टिकतात.

लंबक

१५.६ ओहमचा मुद्दा मला पटला. माझ्याकडच्या यंत्रातही एकत्रच मोजणी आहे आणि ती मी बदलून घेणार आहे. जुन्या मालाच्या श्रेष्ठत्वाबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

मध्यमसूर

मापे देतो. डावीकडे १९६५ चे मलार्ड : बायस ठरवल्यानंतर ४१ आणि ३९ मिलिअँपिअर, तासाभरानेही तेवढेच. उजवीकडे आधी सिल्व्हेनियाचे ६सीए७ लावले : ४४ आणि ३६. नंतर त्यांच्या जागी सोनेरी नावाचे दोन लावले : सुरुवातीला ३८ आणि ४०, पण पहिला अर्ध्या तासात ५३ वर गेला आणि वाढतच होता, म्हणून बंद केले. उजवीकडच्या सॉकेटमध्ये आरसीएचा ७१९९ लावला आहे. त्या बाजूला काहीसा खरखराट आहे.

इंद्रायणी

वाढत जाणाऱ्या प्रवाहाची दोन कारणे संभवतात आणि ती वेगळी करता येतात. नळीत वायूचे अवशेष असतील, तर त्याचे धन आयन ग्रिडकडे जातात, ग्रिडच्या रेझिस्टरमधून उलटा प्रवाह वाहतो आणि ग्रिड कमी ऋण होतो. या यंत्रात तो रेझिस्टर २ लाख ७० हजार ओहमचा आहे, म्हणजे अवघा एक मायक्रोअँपिअरसुद्धा बायस पाव व्होल्टहून अधिक सरकवतो. प्रवाह वाढला की नळी तापते, तापली की आणखी वायू सुटतो आणि हे चक्र थांबत नाही. दुसरे कारण म्हणजे ७१९९ कडून येणारा कपलिंग कपॅसिटर गळका असणे. तोही ग्रिडला धन बाजूला ओढतो.

यंत्र बंद करून उजवीकडचे दोन्ही ईएल३४ काढा, पुन्हा चालू करा आणि रिकाम्या सॉकेटच्या ५ क्रमांकाच्या पिनेवरचा ऋण दाब पॉटजवळच्या दाबाशी ताडून पाहा. फरक राहिला तर कपॅसिटर दोषी. व्हॉल्व्ह नसताना फरक नाही आणि असताना हळूहळू पडतो, तर व्हॉल्व्ह दोषी.

खरखराटासाठी दोन्ही ७१९९ची अदलाबदल करा. दोष व्हॉल्व्हबरोबर डावीकडे गेला तर तो त्याचाच. उजवीकडेच राहिला तर बोर्डावरचा रेझिस्टर किंवा सॉकेटची पकड पाहावी लागेल. त्यातल्या ट्रायोडची आणखी एक सोपी परीक्षा आहे. तो फेज विभागण्याचे, म्हणजे सिग्नलच्या दोन परस्परविरुद्ध प्रती करण्याचे काम करतो आणि त्याच्या प्लेटला व कॅथोडला सारखेच रेझिस्टर असतात. दोन्हींतून एकच प्रवाह वाहतो, म्हणून दोन्हींवरचा दाब जवळजवळ सारखा मिळायला हवा. तसा नसेल, तर एखादा रेझिस्टर सरकला आहे किंवा ग्रिड प्रवाह घेतो आहे.

मध्यमसूर

व्हॉल्व्ह काढल्यावर दाबात फरक राहिला नाही, म्हणजे सोनेरी नावाच्या त्या एका व्हॉल्व्हमध्येच वायू आहे. तो बाद केला. खरखराट अदलाबदलीनंतरही उजवीकडेच राहिला. सॉकेटची पकड घट्ट करून संपर्क साफ केल्यावर तो गेला. फेज विभागणीचे दोन्ही दाब दोन्ही बाजूंना सारखे आहेत. आता ६सीए७ मधला ४४ आणि ३६ चा फरक स्वीकारावा का, आणि जीझेड३४ बदलण्याची वेळ आली तर काय घ्यावे?

सातासमुद्रापार

आठ मिलिअँपिअरचा फरक धोक्याचा नाही. ४४ वरसुद्धा प्लेट साडेअठरा वॉटच्या आसपास आहे. पण एवढ्या फरकाला मी कायमची जोडी म्हणणार नाही. सध्या ६सीए७ चालवा आणि मोजून जुळवलेले नवे चार ईएल३४ मागवून ठेवा. स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीचे किंवा साराटोव्हचे चालतील. २०२२ मध्ये रशियातून येणाऱ्या मालावर बंधने आली तेव्हा सगळीकडे टंचाई झाली होती, म्हणून एखादा जोड जास्त घेणे शहाणपणाचे. विक्रेत्याने ‘जुळवलेले’ म्हटले, तरी कोणत्या दाबाला किती प्रवाह मोजला हे त्याला विचारा, आणि मिळाल्यावर तुमच्या १० ओहमवर पुन्हा मोजा.

जीझेड३४ च्या बाबतीत घाई नको. ब्लॅकबर्नचे हे व्हॉल्व्ह फार टिकाऊ असतात. तळ सारखा दिसतो म्हणून ५यू४जीबी मात्र लावू नका. त्याचा हीटर १.९ ऐवजी ३ अँपिअर ओढतो आणि तो थेट तापणारा असल्यामुळे ईएल३४ गरम होण्याआधीच पूर्ण एचटी देतो. मोठा कपॅसिटर बदलताना पहिल्या भागाची क्षमता मूळच्या ३० मायक्रोफॅरडच्या जवळ ठेवली असेल, अशी आशा आहे. जीझेड३४ साठी ६० ही कमाल मर्यादा आहे, आणि नवे व्हॉल्व्ह त्या मर्यादेजवळ जुन्यांइतके टिकत नाहीत.

मध्यमसूर

पहिला भाग ३० मायक्रोफॅरडचाच ठेवला आहे. जुळवलेले चार ईएल३४ मागवतो.

पेठकर (सातारा)

धागा वाचून एक शंका विचारतो. मध्यमसूर यांच्या पेटीतला बीईएलचा ईसीसी८३ आमच्या जुन्या प्रीॲम्प्लिफायरमध्ये घालता येईल का? आमच्याकडे त्या जागी १२एएक्स७ लिहिले आहे. आणि एका दुकानदाराने त्याऐवजी रशियन ‘६एन२पी’ सुचवला आहे.

अनुनाद

ईसीसी८३ आणि १२एएक्स७ एकच आहेत. बीईएलचे बंगळुरूचे व्हॉल्व्ह चांगल्या प्रतीचे असत, त्यामुळे मध्यमसूर देत असतील तर निःशंक घ्या. लावल्यावर आवाज मध्यम ठेवून पेन्सिलीच्या खोडरबराच्या टोकाने काचेवर हलके टिचकून पाहा. स्पीकरमधून घंटेसारखा नाद घुमला, तर तो व्हॉल्व्ह पहिल्या टप्प्यात न वापरता पुढच्या टप्प्यात वापरा. ६एन२पी मात्र थेट लावू नका : ईसीसी८३ चा हीटर ४, ५ आणि ९ या पिनांवर असतो, ६एन२पीचा फक्त ४ व ५ वर ६.३ व्होल्टचा असतो आणि ९ क्रमांकावर आतला पडदा असतो. तारजोडणी बदलल्याशिवाय तो चालणार नाही.

मध्यमसूर

पेठकर, व्हॉल्व्ह तुमचाच समजा. पत्ता व्यक्तिगत संदेशाने कळवा. फोममध्ये गुंडाळून पाठवतो.